स्वीट कॉर्नची कणसं बोळकी का राहतात? परसातल्या मक्याचं परागीभवन, टप्प्याटप्प्याने

धाट डोक्याच्या वर गेलेलं, पानं गर्द हिरवी, कणीस मुठीत मावत नाही. मोठ्या आशेनं सोलावं, तर आत चार दाणे इकडे, सात तिकडे आणि मधे नुसता पांढरा दांडा. मग पहिला संशय खतावर जातो. कुणी बोरॉन सुचवतं, कुणी टॉनिकची बाटली हातात देतं. पुढच्या वर्षी दुप्पट खत घालून पुन्हा तेच बोळकं कणीस सोलायचं.

धाट एवढं पोसलेलं असेल तर खत कमी पडलेलं नसतं. कमी पडलेला असतो पराग. मीही पहिल्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीला लागून अकरा धाटं एका रांगेत उभी केली होती. दिसायला झोकात, पण अकरा कणसांतून एक वाटीभर दाणे निघाले.

पुढचे टप्पे कळायला एवढं आधी समजून घ्या. मक्याच्या शेंड्याला येतो तो तुरा म्हणजे नर. बगलेतल्या कणसातून बाहेर येणारे रेशमी केस म्हणजे मादीचे धागे. कणसातल्या प्रत्येक दाण्याच्या जागेपासून एक केस निघून बाहेर येतो. त्या केसावर परागाचा एक तरी कण पडून रुजला, तर तो एक दाणा भरतो. नाही पडला तर ती जागा रिकामी. कणसात पाचशे दाणे हवेत तर पाचशे केसांना पराग मिळायला हवा. हे काम वाऱ्याचं आहे. मधमाश्या तुऱ्यावर पराग गोळा करायला येतात, पण केसांकडे फिरकत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नका.

१. तारीख तुऱ्यापासून उलटी मोजा

कोल्हापुरात बहुतेकांचं इथंच चुकतं. शेतकरी मृगात पेरतात म्हणून आपणही ७-८ जूनला बी टोकतो. उबदार हवेत स्वीट कॉर्नला साधारण ५० दिवसांनी तुरा येतो. म्हणजे जुलैचा शेवट. त्या वेळी पश्चिमेच्या गगनबावड्याच्या घाटाकडून लागलेली झड इथंही आठ-आठ दिवस हटत नाही. ओल्या तुऱ्यातले परागकोष, म्हणजे परागाच्या बारीक पिशव्या, उघडत नाहीत, आणि उघडलेच तर पराग भिजून वाया जातो. शेतात हजारो धाटं असतात, दोन तास उघडीप मिळाली तरी तिथं भागतं. आपल्या वीस-पंचवीस धाटांना तेवढी चैन परवडत नाही.

उलटं टोक मार्चचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लावलेल्या मक्याला तुरा येतो एप्रिलअखेर. पारा ३५ अंशांच्या पुढे आणि हवा कोरडी असली की पराग बघता बघता मरतो, केसही सुकतात.

परसासाठी दोन मुहूर्त बरे. एक भाद्रपदातला, साधारण ५ ते २० सप्टेंबर. तुरा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो, तोवर परतीचा पाऊस बहुतेक आटोपलेला असतो. दुसरा जानेवारीचा शेवटचा आठवडा. थंडीमुळे तुऱ्याला दहाएक दिवस जास्त लागतात, तरी मार्चअखेर कडक ऊन पेटायच्या आत काम उरकतं.

बियाण्याच्या पाकिटावर काढणीचे दिवस छापलेले असतात. त्यातून २२ ते २५ वजा केले की तुऱ्याचा अंदाजे दिवस मिळतो.

*तपासा:* तो दिवस कॅलेंडरवर लिहा. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही रोज सकाळी नऊला घरी असणार आहात का? लग्नकार्य किंवा गावची जत्रा असेल तर टोकणी आठवडाभर पुढेमागे करा.

२. आखणी: रांग नको, चौकोन

मक्याचा पराग जड असतो. वाऱ्यानं थोडा लांब जातो, पण बहुतेक जवळच पडतो. एका रांगेत धाटं असली की वारा आडवा आला आणि पराग शेजाऱ्याच्या अंगणात गेला. चौकोनात लावली की एका धाटाचा पराग कोणत्याही बाजूला गेला तरी दुसऱ्याच्या कणसावर पडतो.

कमीत कमी चार ओळी, प्रत्येकीत चार धाटं. जागा असेल तर पाच बाय पाच. ओळींत दीड ते दोन फूट, धाटांत नऊ इंच ते एक फूट. सात फूट बाय पाच फुटांत पंचवीस धाटं आरामात बसतात. परड्यात एवढी जागा नसेल तर मका न लावलेला बरा, तिथं घेवडा लावा. हे कडू वाटेल, पण चार धाटांच्या हौसेनं तीन महिने अडकतात.

गच्चीवर कुंडीत एकेक धाट लावून कुंड्या कठड्याशी मांडायची पद्धत दिसते. ती रांगच झाली. अर्धा कापलेला ड्रम असेल तर त्यात चार-पाच धाटं, दीड फुटी ग्रो बॅगेत दोन-तीन, आणि सगळं एकमेकांना खेटून चौकोनात. मक्याच्या डोक्यावर हिरवी शेडनेट नको. तिच्याखाली ऊनही कमी आणि वाराही कमी.

आणखी एक चूक, आणि ती हुशार माणसं करतात. कणसं महिनाभर पुरवून खायची म्हणून दर आठवड्याला पाच-पाच बिया टोकायच्या. कोथिंबिरीला हे जमतं. मक्यात पाच धाटांचा तुरा झडून जातो तेव्हा पुढच्या पाचांना केसच आलेले नसतात, आणि प्रत्येक तुकडी उपाशी राहते. पुरवून खायची असतील तर सोळा-सोळाचे दोन चौकोन, तीन आठवड्यांच्या अंतरानं लावा.

*सावधान:* शंभरेक मीटरच्या आत कुणी साधा मका, लाह्यांचा मका किंवा जनावरांसाठी आफ्रिकन टॉल लावला असेल आणि त्याचा तुरा त्याच दिवसांत येणार असेल, तर त्याचा पराग तुमच्या केसांवर बसेल. दाणे भरतील, पण पिठूळ आणि बेचव. करवीरच्या वाड्या-वस्त्यांवर दारात गोठा असतो, तिथं हे हटकून होतं. शेजारच्या काकांना टोकणीची तारीख विचारा आणि तुमची दोन-तीन आठवडे हलवा.

३. बी आणि टोकणी

शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडच्या बी-बियाण्याच्या दुकानात स्वीट कॉर्नचं संकरित बी मिळतं. शुगर ७५ हे नाव बहुतेकांना माहीत असतं. रंकाळ्यावर भाजून मिळतो तो बहुधा साधा मका, त्याचे दाणे आणून लावू नका. आपल्याच मागच्या संकरित कणसाचं बी धरलंत तर पुढची धाटं एकसारखी निघत नाहीत. कुणाचा तुरा आज, कुणाचा दहा दिवसांनी, आणि मग पराग-केसांची भेट चुकते.

स्वीट कॉर्नचं बी सुरकुतलेलं, हलकं असतं. ते खराब नाही, त्यात पिष्ट कमी म्हणून तसं दिसतं. पण त्यामुळे अंकुराची ताकदही कमी असते. काळ्या मातीत एक इंचापेक्षा खोल घालू नका. रात्रभर भिजत घालण्याचा मोह टाळा, फुगून कुजतं. ओलसर, भुसभुशीत मातीत टोका, वरून शेणखताचा पातळ थर द्या म्हणजे माती पापडणार नाही. त्या चौकोनाला आधी दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत मिसळलेलं असू द्या. बी रंगीत असेल तर त्याला औषध लावलेलं आहे, हात धुवा आणि उरलेलं कोंबड्यांना टाकू नका.

एका जागी दोन बिया. उगवल्यावर आठ-दहा दिवसांनी जोमदार रोप ठेवून दुसरं कापा, उपटू नका, शेजारचं हलतं. नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा, पडल्या असतील तर सहा-सात दिवसांच्या आतच भरा. तीन आठवड्यांनी भरलेली नांगी शेजाऱ्यांच्या सावलीत धाट होते, कणीस देत नाही.

मुख्य टोकणीनंतर पाच-सहा दिवसांनी चौकोनाच्या उन्हाच्या कडेला मुद्दाम तीन-चार जादा बिया टोकायची मला सवय आहे. कणसाच्या टोकाकडचे केस सर्वांत शेवटी बाहेर पडतात, आणि तोवर मुख्य तुरे झडून गेलेले असतात. ही उशिराची धाटं त्या शेवटच्या केसांसाठी पराग देतात. त्यांच्याकडून कणसाची अपेक्षा ठेवायची नाही.

४. गुडघाभर ते तुरा

गुडघ्याएवढा झाला की, साधारण २५ ते ३० दिवसांनी, प्रत्येक धाटाला अर्धा चहाचा चमचा युरिया बुंध्यापासून चार बोटं दूर, मातीत मिसळून, आणि लगेच पाणी. मग बुंध्याशी माती चढवून भर लावा. तुरा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, जाणवायला लागला की तेवढाच दुसरा हप्ता. शेणखत चांगलं घातलं असेल तर याहून जास्त देऊ नका.

पाणी मात्र इथं हात राखून द्यायचं नाही. तुऱ्याच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दोन आठवडे मका तहानला तर केस उशिरा बाहेर येतात. तुरा वेळेवरच झडतो. केस चार दिवसांनी येतात तेव्हा वर काही शिल्लक नसतं. दुपारी पानं गुंडाळलेली दिसली आणि संध्याकाळीही उलगडली नाहीत, तर तुम्हाला उशीर झालाय.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्याकडे आली आणि आता मका म्हटलं की ती आहेच. पोंग्यात लाकडाच्या भुश्शासारखी विष्ठा आणि पानांवर ओळीनं भोकं दिसली की अळी आत आहे. ती आतल्या आत तुरा खाते. पंचवीस धाटांना हातानं वेचणं सहज शक्य आहे. सकाळी पोंगे उलगडून बघा, सापडेल ती चिरडा. पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू किंवा माती टाकली तरी लहान अळी मरते. निंबोळी अर्क फवारायचा तर संध्याकाळी, आणि केस बाहेर पडायच्या आत.

*सावधान:* शेंडा खुडू नका. मिरचीचा, वांग्याचा शेंडा खुडायची सवय हाताला असते. मक्याचा शेंडा खुडला की तुराच गेला. आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. उसाला तुरा आला की वजन आणि साखर घटली म्हणून जीव हळहळतो, आणि तीच नजर घेऊन माणसं मक्याचा तुरा छाटून म्हशीपुढे टाकतात. मक्याचं खरं काम तुऱ्यापासूनच सुरू होतं. बुंध्यातले फुटवेही राहू द्या, ते कणसाचं काही हिरावून घेत नाहीत.

५. पाच सकाळी

सगळा लेख या पाच दिवसांसाठी आहे. घाई न करता वाचा.

तुरा आधी दिसतो. त्याच्या फांद्यांवरून बारीक लोंबते परागकोष बाहेर येतात, पिवळसर किंवा जांभळट. ते लोंबायला लागले की पराग सुटायला सुरुवात झाली. एक तुरा साधारण आठवडाभर पराग देतो, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. एक-दोन दिवसांच्या फरकानं कणसातून केस बाहेर येतात. आधी बुडाकडच्या दाण्यांचे, मग मधले, शेवटी टोकाचे. सगळे बाहेर पडायला चार-पाच दिवस जातात. म्हणून एका दिवसाचं परागीभवन पुरत नाही.

वेळ दव वाळल्यावरची. कोल्हापुरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात नऊ ते साडेदहा. सात वाजता ओल्या तुऱ्याला हात लावून उपयोग नाही, आणि दुपारी बारानंतर मिळतो तो बहुतेक मेलेला पराग.

*तपासा:* काळी ताटली किंवा मोबाइलची काळी पाठ तुऱ्याखाली धरा आणि धाटाला टिचकी मारा. पिवळी भुकटी पडली तर पराग आहे. नुसती तुसं पडली तर एक तर अजून वेळ आहे, नाही तर तुरा संपलाय.

मग असं करा. आधी ओळींतून फिरत प्रत्येक धाट मध्यावर धरून हलकं हलवा. सोळा-वीस धाटांचा चौकोन आणि थोडा वारा असेल तर निम्मं काम इथंच होतं. उरलेलं हातानं. कोरड्या कागदी पाकिटात किंवा स्टीलच्या ताटलीत पाच-सहा तुरे वाकवून झटका. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, आत दमटपणा धरतो आणि परागाचे गोळे होतात. पडलेली तुसं फुंकर मारून उडवाल तर परागही जाईल. ती राहू द्या.

मऊ, कोरड्या ब्रशनं किंवा चिमटीनं हा पराग केसांच्या झुपक्यावर टाका. वरून शिंपडून थांबू नका. झुपका बोटांनी उचला, खालची बाजू करा, आतले केस मोकळे करा. केस खाली लोंबायला लागले की वरचे केस छत्रीसारखे आतल्यांवर बसतात, आणि कणसाची एक बाजू कोरी राहते. केसावर कुठंही कण पडला तरी चालतो, टोकच लागतं असं नाही. झुपका फारच लांब झाला असेल तर स्वच्छ कात्रीनं तीन-चार बोटं ठेवून कापा आणि त्या कुंच्यावर पराग टाका.

गोळा केलेला पराग पंधरा-वीस मिनिटांत संपवा. उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवू नका, रोज नवा घ्या. त्याच धाटाचा पराग त्याच कणसाला चालतो, पण मिसळून घेतला की कोरड्या तुऱ्यांची उणीव भरून निघते.

पहिले केस दिसल्यापासून हे पाच सकाळी करायचं. रोज जमत नसेल तर एकाआड एक दिवस, पण शेवटचा दिवस चुकवू नका. टोकाचे दाणे त्या दिवसावर आहेत.

मधेच अवेळी पाऊस आला तर घाबरू नका. परागीभवन न झालेला केस थांबत नाही, रोज इंचभर वाढत राहतो आणि काही दिवस पराग घ्यायला तयार असतो. पाऊस थांबला की तुरे झटकून पाणी पाडा, तासाभरानं वाळल्यावर टिचकी मारून बघा. झड लांबतेय असं वाटलं तर परागकोष लोंबू लागलेले दोन-तीन तुरे देठासकट कापून घरात पाण्याच्या तांब्यात उभे करा, खाली कागद पसरा. सकाळी कोरडा पराग मिळतो.

*सावधान:* पोपट आणि खारींच्या भीतीनं कणसाला लगेच पिशवी किंवा जुना मोजा चढवतात. केस झाकले की परागाची वाटच बंद. पिशवी घालायची ती केस तपकिरी झाल्यावर.

धाटाला दुसरं, खालचं कणीस आलं असेल तर त्याचे केस मागाहून येतात आणि पराग उरलेला नसतो. त्याचे केस जेमतेम दिसताच ते बेबी कॉर्न म्हणून तोडून भाजीत घाला. पूर्ण भरेल या आशेवर ठेवलं की तेही जातं.

६. झटकून बघा

शेवटच्या परागीभवनानंतर तीन-चार दिवसांनी एक कणीस बळी द्या. कणसावरच्या हिरव्या पात्यांना बुडापासून टोकापर्यंत ब्लेडनं उभी चीर द्या, केसांना हात न लावता पाती अलगद उलगडा, कणीस उलटं धरून झटका. ज्या दाण्याचं फलन झालं त्याचा केस बुडातून सुटून पडतो. चिकटून राहिलेले केस म्हणजे रिकाम्या जागा.

बाहेरूनही अंदाज येतो. पराग मिळालेले केस वाढायचे थांबतात आणि टोकाकडून तपकिरी होतात. आठवड्यानंतरही केस हिरवे-ताजे आणि वितभर लांब दिसत असतील तर त्यांना पराग मिळालेला नाही. तुरा कुणाचाही शिल्लक असेल, कडेच्या उशिराच्या धाटांचा असेल, तर उद्या सकाळी पुन्हा एक फेरी मारा.

७. नंतरचे वीस दिवस

पाणी चालू ठेवा. इथं ताण बसला तर फलन झालेले टोकाचे दाणेही धाट सोडून देतं. केस आल्यापासून १८ ते २२ दिवसांनी, केस वाळलेले पण पाती हिरवी असताना, एका दाण्यात नख टोचा. दुधासारखा चीक आला की तोडा, पाण्यासारखा असेल तर दोन दिवस थांबा. तोडल्यावर गोडी लवकर उतरते, तेव्हा चुलीवर पाणी ठेवूनच परड्यात जावं.

८. सोललेलं कणीस काय सांगतं

कणीस फेकायच्या आधी नीट बघा. दाण्यांच्या ओळी मोजल्यात तर त्या नेहमी सम निघतील, चौदा, सोळा, अठरा. मुलांना मोजायला लावा.

दाणे सगळीकडे विखुरलेले, मधे मोकळ्या जागा: पराग मुळातच कमी. धाटं थोडी, रांगेत लागण, किंवा तुऱ्यावर पाऊस नाहीतर कडक ऊन.

एक बाजू भरलेली, दुसरी कोरी, आणि कणीस केळ्यासारखं वाकलेलं: केसांची खालची बाजू झाकली गेली, किंवा एखादं पान झुपक्यावर बसलं होतं.

बूड रिकामं, टोक भरलेलं: केस आधी आले, पराग नंतर सुटला. पहिल्या दोन सकाळी चुकल्या.

टोक रिकामं असेल तर जवळून बघा, कारण इथं दोन वेगळी दुखणी सारखी दिसतात. जागा पूर्ण सपाट असेल तर शेवटच्या केसांना पराग मिळाला नाही. पुढच्या खेपेला कडेच्या जादा बिया विसरू नका. बारीक, पांढरे, सुकलेले दाणे दिसत असतील तर पराग पोचला होता, नंतर पाणी किंवा खत कमी पडलं. खताचा संशय खरा ठरतो तो इथं. टोकाचं अर्धा-पाऊण इंच रिकामं राहिलं तर त्याची चिंता करू नका.

अख्खं कणीस कोरं आणि केस बुडाशी कुरतडलेले: अळीनं केस खाल्ले. पुढच्या वेळी तुऱ्याच्या आठवड्यात कणसांची टोकंही रोज बघा.

दाणे गच्च भरलेले, पण चावायला पिठूळ: परागीभवन उत्तम झालं, पराग गोठ्यामागच्या वैरणीचा होता. ही कणसं उकडू नका, भाजून तिखट-मीठ-लिंबू लावा, आणि पुढच्या टोकणीआधी काकांना तारीख विचारा.